न्हाणीचें पाणी आणि परसांतील भाजी

घराच्या पुढच्या बाजूकडे आपण जितकें लक्ष देतों, त्याच्या दशांशही मागच्या बाजूकडे देत नाहीं. पुढें ओटा सारवलेला किंवा फरशीनें मढविलेला असतो, दाराशीं रांगोळी असते, दोन फुलझाडेंही असतात. आणि मागें? न्हाणीच्या भोंकांतून वाहणारें पाणी, त्याचें सांठलेलें काळें डबकें, डबक्यावर घोंघावणारे डांस, एका कोपऱ्यांत फुटक्या विटांचा ढीग व दुसऱ्या कोपऱ्यांत पऱ्हाट्यांची रास, असा देखावा बहुतेक घरीं दिसतो. पाहुण्यास आपण पुढच्या दारानें आंत आणितों व पुढच्याच दारानें निरोप देतों, यांतच सर्व आलें. प्रस्तुत लेख या मागच्या बाजूविषयीं आहे. विषय भाजीपाल्याचा असतां आरंभ मोरीपासून कां केला, हें पुढील विवेचनावरून ध्यानांत येईल.

आपला वैजापूर तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या, किंबहुना मराठवाड्याच्या, पश्चिम टोंकास आहे. दक्षिणेस गोदावरी वाहते, त्या भागास आपण गंगथडी म्हणतों. उत्तरेकडील डोंगरालगतचा भाग ती डोंगरथडी. वर्षाचा पाऊस सरासरीनें ५०० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे सुमारें २० इंच. आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नांदूर-मधमेश्वरचा कालवा आल्यापासून तालुक्यांतील कांहीं शिवारांचें रूप पालटलें हें खरें. तथापि कालव्याचें आवर्तन कोणाच्या परसांत येत नाहीं. १९७२ चा दुष्काळ तुम्हीं आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. २०१२ व २०१५ हीं वर्षें तुमच्या आईवडिलांस चांगलीं आठवतात. त्यांपैकीं दुसऱ्या अवर्षणानंतर, २०१६ च्या एप्रिल महिन्यांत, मिरजेहून लातूर शहरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें होतें.

अशा मुलखांत ‘परसांत भाजी लावा’ असें सांगणें म्हणजे उपाशी माणसास पक्वान्नांची यादी वाचून दाखविण्यासारखें आहे, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. ज्या घरची मुलगी शाळा बुडवून हंडा घेऊन टँकरपुढें उभी राहते, त्या घरांत पिण्याच्या पाण्याचा एक तांब्याही वांग्यास घालतां कामा नये. म्हणून या लेखांत जी बाग सांगितली आहे तिला नवें पाणी लागत नाहीं. माणसाच्या अंगावरून एकदां गेलेलें पाणीच तिला पुरतें.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांत सरकारनें लोकांस अंगणें, मैदानें व सार्वजनिक बागाही खणून भाजी लावावयास सांगितलें, आणि लोकांनीं ती लावली. त्या चळवळीविषयीं सुंदर चित्रांचीं पुस्तकें आजही मिळतात. परंतु तीं वाचून बाग करूं जाणाऱ्या आपल्याकडील मनुष्याची निराशा व्हावयाचीच, कारण त्या देशांत पाऊस बारमाही पडतो व पुस्तकांत पाण्याचा विचार फारसा नसतो. आपला पहिला धडा पाण्याचा, बियाण्याचा त्यामागून.

हा धडा पाटीवर मांडण्याजोगा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पडलें म्हणजे तें बरोबर एक लिटर भरतें. (लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी १०० सेंटिमीटर, उंची एक दशांश सेंटिमीटर, गुणाकार १,००० घन सेंटिमीटर.) भाजीच्या वाफ्यांतून, पानांच्या व मातीच्या वाटे, रोज किती पाणी उडून जातें याचा ढोबळ अंदाज आपल्याकडे हिवाळ्यांत ४ मिलिमीटर धरावा, उन्हाळ्यांत, माती झांकलेली व वर थोडी सावली असतां, ७ मिलिमीटर धरावा. उघड्या वाफ्यांतून मे महिन्यांत याहून पुष्कळच अधिक जातें. म्हणजे चौरस मीटरास हिवाळ्यांत रोज ४ लिटर व उन्हाळ्यांत ७ लिटर पाणी हवें.

आतां दुसरी बाजू पाहूं. पांच माणसांच्या घरांत प्रत्येकानें स्नानास २० लिटर पाणी घेतलें, तर रोज १०० लिटर पाणी न्हाणींतून बाहेर पडतें. शंभरास चारांनीं भागिलें तर २५. सातांनीं भागिलें तर १४ व कांहीं. गुंठा हा ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. तेव्हां २५ चौरस मीटर म्हणजे पाव गुंठा झाला. ज्या पाण्याचें आपण डबकें करितों तेंच पाणी हिवाळ्यांत पाव गुंठ्याची आणि भर उन्हाळ्यांत त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक जागेची भाजी जगवितें. मार्च, एप्रिल व मे या ९२ दिवसांत हें पाणी ९,२०० लिटर होतें. रस्त्यानें जाणाऱ्या १०,००० लिटरांच्या टँकरकडे पाहून त्याची कल्पना करावी. असा एक टँकर दर उन्हाळ्यांत आपल्या मोरींतून निघून जातो, आणि जातांना डांस मात्र मागें ठेवितो.

भाजी किती मिळेल? येथें अतिशयोक्ति नको. चांगल्या मशागतीच्या शेतांत टोमॅटो-वांग्यांसारखें पीक हेक्टरीं २० टन उतरतें, म्हणजे चौरस मीटरास २ किलो. आपल्या २५ चौरस मीटरांत चार महिन्यांच्या हंगामांत ५० किलो, म्हणजे दिवसास सुमारें ४०० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत एका मोठ्या माणसास दिवसाला ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. म्हणजे आपली सगळी बाग घरांतील पांचांपैकीं एकाचा वांटा पुरविते. परसबागेनें बाजार सुटतो असें जे सांगतात त्यांनीं हा हिशेब मांडलेला नसतो.

मग हा खटाटोप कशाला? एक तर डबकें जातें. आणि दुसरें म्हणजे, जी भाजी बाजारांतून चांगली मिळतच नाहीं ती घरीं मिळते. मेथी, पालक, तांदुळजा, कोथिंबीर, शेवग्याचा पाला या वस्तु वजनास हलक्या पण गुणास भारी. पालेभाजी तोडल्यावर जसजसा वेळ जातो तसतसें तिच्यांतील क जीवनसत्त्व घटत जातें. आठवडी बाजारांत दुपारपर्यंत उन्हांत पडलेली जुडी घरीं येते ती अर्धमेली होऊन. परसांतली मेथी तव्यावर भाकरी पडल्यानंतर तोडतां येते. त्या भाजीवर थोडें लिंबू पिळण्याची आईस आठवण करावी. पालेभाजींतील लोह शरीरास एरवीं फार थोडें मिळतें, लिंबाच्या रसानें तें अधिक लागूं पडतें.

न्हाणीचें सगळेंच पाणी झाडांस चालतें असें मात्र नाहीं. अंगाच्या साबणाचें पाणी मातींत मुरून फारसा अपाय करीत नाहीं. धुण्याचा सोडा व धुण्याची पूड यांचें पाणी निराळें. त्यांत सोडियमचे क्षार असतात, आणि काळ्या चिकण मातीस सोडियमसारखा शत्रु नाहीं. निरोगी मातींत बारीक कण एकमेकांस धरून रवे बनवितात व रव्यांच्या मधून हवा खेळते. सोडियम वाढला म्हणजे रवे फुटतात. मग तीच माती ओली असतां लोण्यासारखी चिकट व वाळल्यावर दगडासारखी होते. याकरितां कपड्यांचें पहिलें पाणी बागेकडे येऊं देऊं नये. शेवटच्या खळबळण्याचें आलें तर चालेल. लहान मुलांचे लंगोट धुतलेलें पाणी बागेस मुळींच लावूं नये. न्हाणीचें पाणी पानांवर कधीं शिंपडूं नये, मुळाशीं सरींतून द्यावें. आणि तें एका दिवसाहून अधिक सांठवूं नये, कारण तें नासतें. मुळा, गाजर, कोथिंबीर यांसारख्या कच्च्या खावयाच्या भाज्यांचा वाफा वेगळा असावा व त्यास डाळ-तांदूळ धुतलेलें, भाजी निवडून धुतलेलें, असें स्वच्छ पाणी घालावें. तेवढें पाणी प्रत्येक स्वयंपाकघरांत निघतें.

आतां गवंडीकामाकडे वळूं. आपल्या गांवांत पुष्कळ घरांच्या भिंतींस दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकस वर गेलेल्या भेगा दिसतात. लोक गवंड्यास दोष देतात. कधीं तो खराही असतो. परंतु पुष्कळदां दोष पाण्याचा असतो. काळी माती भिजली कीं फुगते व वाळली कीं आक्रसते. उन्हाळ्यांत शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणानें. घराच्या पायाची एक बाजू मोरीच्या पाण्यानें सदैव ओली व दुसरी कोरडी राहिली, म्हणजे एक बाजू उचलली जाते आणि वरची भिंत चिरते. अशी भेग सिमेंटानें लिंपून टाकिली तर पुढच्या वर्षीं ती पुन्हां उघडते. आधीं मोरीचें पाणी नळींतून भिंतीपासून निदान ६ फूट दूर न्यावें. भिंतीलगत दोन-तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या अंगास उतरता असा फरशीचा पट्टा घालावा. एक पावसाळा जाऊं द्यावा, आणि मग भेग भरावी. भाजीचा वाफा या पट्ट्याच्या पलीकडे असावा. भिंतीस चिकटून वाफा करणारा मनुष्य भाजी खातो व भिंत घालवितो. न्हाणीच्या फरशीस आंतून ४ फुटांस १ इंच एवढा उतार पुरे.

नळीच्या तोंडाशीं एक गाळणखड्डा करावा. २ फूट लांब, २ फूट रुंद व तितकाच खोल, आंतून विटांनीं बांधलेला. तळाशीं मुठीएवढे दगड, त्यांवर विटांचे तुकडे, त्यांवर बारीक खडी आणि सर्वांत वर जाड वाळू. पाणी जेथें पडतें तेथें भोंकें पडलेलें एखादें जुनें घमेलें ठेवावें, म्हणजे केस व साबणाचा मळ त्यांत अडकतो. घमेलें आठवड्यास झाडावें व वाळूचा वरचा थर महिन्या-दोन महिन्यांनीं धुवावा. हें काम घरांत कोणाकडे, हें खड्डा खणण्यापूर्वींच ठरवावें. नाहीं तर तें आईच्या वांट्यास येतें. खड्ड्याच्या तळाजवळून निघालेलें पाणी प्रथम केळ, अळू व कर्दळ यांच्या आळ्यांतून न्यावें व मग वाफ्यांच्या सरींत सोडावें. आपल्या आज्या मोरीच्या पाण्यावर अळू व केळ लावीत तें उगीच नव्हे. या झाडांस मुळें सतत ओलीं असलेलीं सोसतात. परसास उतार नसेल तर नळी व सरी यांचा आग्रह सोडून खड्ड्यापुढें लहान टांकी ठेवावी आणि सायंकाळीं बादलीनें पाणी घालून ती रिकामी करावी.

पावसाळ्यांत बागेस हें पाणी नको असतें. त्या वेळीं तें शोषखड्ड्याकडे वळवावें. नांदेड जिल्ह्यांत हिमायतनगर तालुक्यांतील टेंभुर्णी या गांवानें घरोघर शोषखड्डे करून उघडीं गटारें बंद केलीं व डांसांचा उपद्रव घालविला. पुढें त्या जिल्ह्यांतील इतर गांवांनींही तोच नमुना उचलला. खड्डा सुमारें ४ फूट लांब, रुंद व खोल. मधोमध भोंकें पाडलेली सिमेंटची लहान टांकी व तिच्याभोंवतीं दगडगोटे. पाणी टांकींत पडतें, गाळ तळाशीं बसतो व निवळ पाणी भोंकांतून झिरपतें. टांकी उघडून गाळ काढतां येतो, हेंच या रचनेचें मर्म. आपल्याकडे एक पथ्य पाळावें लागतें: खड्डा काळ्या मातींतच थांबविला तर तो लौकर तुंबतो, कुदळीस मुरूम लागेपर्यंत खणावें. विहिरीपासून व बोअरपासून खड्डा निदान ५० फूट दूर असावा. आणि डबकें गेलें म्हणून निश्चिंत होऊं नये. डेंग्यूचा डांस घाण पाण्यांत नव्हे, तर रांजणांतील व हौदांतील स्वच्छ पाण्यांत अंडीं घालतो. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यांतून एकदां सर्व भांडीं घासून कोरडीं करावीं.

जुन्या कागदपत्रांत गांवाचे दोन भाग सांगितलेले असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. परस हें पांढरींत मोडतें, हें बाग करणारानें विसरूं नये. कित्येक पिढ्यांची राख, शेण व पडक्या भिंतींची माती मिळून ही जमीन बनलेली असते. ती भुसभुशीत असते खरी, परंतु तींत चुना फार असतो. त्यामुळें कोंवळीं पानें पिवळीं पडतात व त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातींत लोह असून झाडास तें घेतां येत नाहीं, असा हा रोग आहे. परीक्षा सोपी आहे. वाळलेल्या मातीवर लिंबाचा रस पिळावा. ती फसफसली तर चुना अधिक. उपाय म्हणजे भरपूर कुजलेलें खत आणि शेतांतून आणलेली थोडी काळी माती. ज्यांचें घर नव्या वसाहतींत, मूळच्या शेतावर, बांधलेलें आहे त्यांची अडचण उलट. त्यांची माती चिकण, तिला जाड वाळू व खत हवें.

कोणत्याही मातींत कुदळ घालण्याची वेळ एकच, ती वाफशाची. ‘वाफसा’ हा आपल्या भाषेंतील मोठा नामी शब्द आहे. मातींत ओल व हवा या दोहोंचें झाडास मानवेल असें प्रमाण त्या एका शब्दांत सांगितलें जातें. मूठभर माती दाबून गोळा करावा व त्यास टिचकी मारावी. गोळा झालाच नाहीं तर माती कोरडी. टिचकीनें फुटला नाहीं तर फार ओली. झाला आणि फुटला, तर वाफसा. पावसाळ्यांत वाफा जमिनीहून वीतभर उंच, गादीसारखा करावा, म्हणजे मुळें सडत नाहींत. हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत तो सपाट किंवा किंचित् खोल असावा, म्हणजे पाणी वाहून जात नाहीं.

खताकरितां फुटक्या विटांचा तो ढीग उपयोगी पडतो. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदुरास केरकचऱ्याचें खत करण्याची पद्धत बसविली व ती जगभर गेली. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांनीं विटांच्या, भिंतींत भोंकें ठेवलेल्या हौदाची युक्ति काढली; त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. त्यांचा हौद १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच; परसास ३ फूट चौरस व तितकाच उंच असा पुरे. पालापाचोळ्याचा वीतभर थर, त्यावर पाण्यांत कालविलेलें शेण, त्यावर चाळलेली माती, याप्रमाणें थर रचीत जावें व वरून मातीनें लिंपावें. ओल टिकली तर तीन-चार महिन्यांत खत तयार होतें. अमेरिकेंतील टस्कगी येथील शिक्षक जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, ज्यांचें चरित्र वीणा गवाणकर यांच्या पुस्तकामुळें मराठी मुलांस परिचित आहे, तेही विकतचें खत न परवडणाऱ्या शेतकऱ्यांस रानांतील कुजलेला पालाच दाखवीत. कोपऱ्यांतील पऱ्हाट्यांचें कुंपण करावें, शेळ्या व कोंबड्या बाहेर राहतात. मात्र त्यांवरील राहिलेलीं बोंडें आधीं झाडून जाळावीं, कारण गुलाबी बोंडअळी त्यांत दडून बसते. तुरकाट्या मांडवाच्या आधारास चांगल्या.

लावणीचा क्रम थोडक्यांत असा. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला म्हणजे भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलें, दुधी व अंबाडी पेरावी. वांग्याचें व मिरचीचें रोप त्याच सुमारास टाकावें. ऑक्टोबरापासून मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर व वाटाणा. टोमॅटोचीं रोपें याच्या थोडीं आधीं लागलेलीं असावीं. फेब्रुवारींत पुन्हां भेंडी, गवार, काकडी व तांदुळजा. भेंडीचें बी रात्रभर भिजवावें. धणे फोडून दोन डाळिंब्या कराव्या. अख्खे पेरले तर उगवण रेंगाळते. मेथी एकदम सगळ्या वाफ्यांत पेरूं नये. पंधरा-पंधरा दिवसांनीं एकेक पट्टा पेरावा, म्हणजे एका आठवड्यांत मेथीचा सुकाळ व पुढें दुष्काळ असें होत नाहीं. एका कोपऱ्यांत शेवगा असावाच. तो कमरेएवढा असतां शेंडा खुडावा, म्हणजे पाला हाताशीं येतो.

वेलींविषयीं एक तक्रार नेहमीं ऐकूं येते: “फुलें पुष्कळ येतात, पण सगळीं गळतात.” येथें थोडें वनस्पतिशास्त्र उपयोगीं पडतें. भोपळा, दुधी, दोडका व कारलें यांच्या वेलीवर नरफुलें व मादीफुलें वेगवेगळीं येतात, आणि नरफुलें आधीं येतात. तीं गळणारच, त्यांत वेलीचा दोष नाहीं. मादीफुलाच्या देंठाशीं नखाएवढें फळ आधींच दिसतें. नरफुलांतील पराग तेथवर पोंचला नाहीं तर तें चिमुकलें फळ पिवळें पडून गळतें. पराग नेण्याचें काम कीटक करितात, आणि प्रत्येक वेलीची वेळ निराळी. लाल भोपळ्याचें फूल पहांटे उमलतें व मधमाशा त्यावर येतात, कारलेंही सकाळचें. दुधीचें पांढरें फूल व दोडक्याचें पिंवळें फूल सायंकाळीं उमलतें. कीटक कमी असतील तर नरफूल खुडून, पाकळ्या मागें सारून, मादीफुलाच्या मध्यावर हळूच टेंकवावें. विद्यार्थ्यांनीं एका वेलीवर अशीं पांच फुलें दोरा बांधून राखावीं व पांच तशींच सोडावीं. आठ दिवसांनीं जें दिसेल तें वहींत लिहावें.

कीड पडली कीं दुकानांतून औषध आणण्याची घाई करूं नये. घरची पालेभाजी आज फवारून उद्यां खाल्ली जाते, ही गोष्ट औषधाच्या बाटलीस ठाऊक नसते. निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस वेंचून, गर काढून, सावलींत वाळवाव्या. त्यांची भरड ५० ग्रॅम एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, फडक्यानें गाळून, चिमूटभर साबण घालून सायंकाळीं शिंपडावी. वाफ्याच्या कडेस झेंडू लावावा.

एप्रिल-मे हे परीक्षेचे महिने, मुलांच्याही व झाडांच्याही. या दिवसांत अर्धी बाग रिकामी सोडावी. पाण्याच्या हिशेबानें हें आधींच ठरलेलें आहे. रिकाम्या वाफ्यावर व चालू वाफ्यावरही बाजरीचें सरमाड, गव्हाचा भुसा किंवा वाळलेला पाला चार बोटें जाड पसरावा. वेलवर्गी भाज्यांस मडक्याची युक्ति फार चांगली. ८-१० लिटरांचें, झिलई नसलेलें कोरें मडकें गळ्यापर्यंत पुरून त्याच्याभोंवतीं तीन-चार बिया लावाव्या व मडकें भरून झांकून ठेवावें. मातींत ओल कमी होईल तसतसें पाणी पाझरतें व मुळें मडक्यास बिलगतात. दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका चिनी शेतीग्रंथांत ही रीत सांगितलेली आहे. मडक्यांत गढूळ किंवा साबणाचें पाणी घालूं नये, छिद्रें बुजतात. आणि झांकण घट्ट असावें, नाहीं तर डांसांसाठींच मडकें पुरल्यासारखें होईल.

राहिलें बियाणें. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांत, कोंभाळणें नांवाचें गांव आहे. तेथील राहीबाई पोपेरे शाळेंत गेलेल्या नाहींत. परंतु घराच्या आसपास भाज्या पिकवून त्यांनीं वालाच्या, भाताच्या व इतर पिकांच्या गांवठी जातींचें बी जमविलें, घरांतच बियाण्यांची पेढी थाटली व गांवोगांवच्या बायकांस बी देऊन परसबागा लावविल्या. २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्यांचें काम पाहिलें म्हणजे बाजारांतील रंगीत पुडीचें बी आणि घरचें बी यांतला भेद कळतो. पुडीवर ‘संकरित’ असें लिहिलेलें असेल तर त्या झाडाचें बी धरून उपयोग नाहीं. पुढच्या पिढींत गुण फुटतात. गांवठी मेथी, चवळी, वाल, वाटाणा व टोमॅटो यांचें बी घरीं धरणें सोपें, कारण यांची फुलें बहुधा स्वतःच्याच परागानें फळतात. भोपळ्याच्या दोन जाती जवळ असल्या तर त्या मिसळतात.

खाऊन उरलेल्या, शेवटच्या, वेड्यावांकड्या फळाचें बी धरण्याची रीत सर्रास आढळते; ती टाकून द्यावी. हंगामाच्या मध्यास सर्वांत निरोगी झाडावरचें सर्वांत चांगलें फळ दोरा बांधून राखावें व तें घरांत कोणीं तोडूं नये म्हणून सर्वांस सांगून ठेवावें. बी सावलींत वाळवावें, चाळलेल्या राखेंत घोळावें व बुचाच्या बाटलींत ठेवावें. बाटलीवर भाजीचें नांव, बी धरल्याची तारीख आणि मूळ बी कोणाकडून आणलें त्यांचें नांव, या तीन गोष्टी लिहाव्या. जून महिन्यांत शाळा उघडते तेव्हां मृगही जवळच असतो. ज्यांच्याजवळ बी अधिक असेल त्यांनीं त्याची पुडी वर्गांत आणावी, आणि गंगथडीच्या मुलानें डोंगरथडीच्या मुलाशीं तिची अदलाबदल करावी. दोन्हीकडची माती निराळी असल्यामुळें कोणतें बी कोठें रुजतें हें दिवाळीच्या सुटीपर्यंत समजेल.